ओकांच्या राईची पोथी

लुईन-देरू, ग्वाईन खोरं
९ फेब्रुवारी १८२८

हॉपकिनदादा,

वर्षभर पत्र नाही आणि आज आलं ते कामाचं, असं म्हणशील. म्हण. माझ्या थोरल्या काकाचा मुलगा तू. लंडनात पन्नास वर्षं काढलीस तरी माझ्यावर डाफरायचा हक्क तुझाच. पण आधी पुरतं वाच.

मागच्या आठवड्यात कारभारी स्क्राइन दोन माणसं घेऊन आमच्या मागच्या ओकांच्या राईत आला. एकेका झाडाच्या सालीचा पट्टा सोलला आणि त्यावर लाल ठिपका दिला. त्रेचाळीस झाडं. जहाजं बांधणाऱ्यांना लाकूड हवं आणि चामडं कमावणाऱ्यांना साल. मे महिना निम्मा झाला, रस चढून साल सुटायला लागली, की कुऱ्हाडी येणार. राई आपली नाही, आपण कुळं, हे मला कुणी शिकवायला नको. पण दादा, ती गेली तर ह्या खोऱ्यात राहून मी करायचं काय, तेच मला समजत नाही.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरपासून इथेल नावाचा एक माणूस आमच्या माळ्यावर राहतो. कार्मार्थन शहरातला, थडग्यांचे दगड कोरतो. धुराडं गळत होतं म्हणून त्यानं आतले दोन दगड काढले, तर मागे मेणकापडात गुंडाळलेली एक पोथी निघाली. अकरा पानं. चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा कवीची आहे असं तीत लिहिलंय. येशूचं नाव ह्या देशात यायच्या आधी जे द्रुइड पुजारी झाडांखाली जमत, ते आपल्याच राईत जमायचे, आणि काय म्हणायचे, ते सगळं त्यात आहे.

जमिनीच्या मालकीणबाई, लॅम्बर्नबाई, ह्यांना जुन्या दगडांचं आणि द्रुइडांचं किती वेड आहे ते तुला ठाऊक नसेल. मी पोथी घेऊन गेले तर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, लंडनातल्या कुणा जाणकारानं ही खरी जुनी आहे असं लिहून दिलं तर एका फांदीला हात लागणार नाही. मी तुझं नाव सांगितलं. लंडनच्या वेल्श मंडळींची सगळी जुनी पुस्तकं तूच बांधतोस, तूच सांभाळतोस. तुझ्याइतकं जाणकार कोण?

शाद्राख गुरं घेऊन लंडनच्या बाजाराला निघालाय. त्याच्याकडे पोथी दिली आहे. बघ आणि लिही. फार चिकित्सा करत बसू नकोस.

तुझी बहीण,
शोनेद


लंडन
२ मार्च १८२८

शोनेद,

शाद्राख आला, पोथी पोचली. तुझं पत्रही पोचलं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य पोथीच्या आधी वाचलं. विकणाराच म्हणायला लागला की घोडा फार निरखू नका, तर दात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे मला तुझ्याच बापानं शिकवलं.

ते धुराडं मला चांगलं माहीत आहे. एकाहत्तर साली, तुझ्या जन्माआधी, काकानं ते मुळापासून नव्यानं बांधलं आणि माती मी वाहिली. अकरा वर्षांचा होतो. आतला एकेक दगड माझ्या हातातून गेलाय. मागे मांजराचं पिल्लूसुद्धा नव्हतं, पोथी कुठली?

पानं जुनी आहेत, ते कबूल. दीडशे वर्षांची तरी असतील. कुठल्याशा चर्चच्या वहीची मागची कोरी पानं असावीत. पण कागद जुना म्हणून लिखाण जुनं होत नाही. पाचव्या पानावर किड्यानं भोक पाडलंय आणि शाई त्या भोकाच्या कडेत उतरून पसरली आहे. म्हणजे किड्यानं आधी खाल्लं आणि लेखणी नंतर चालली. मी शाळेत गेलो नाही, पण चाळीस वर्षं किडे आणि शाई ह्यांच्याशीच संसार केला आहे.

हा इथेल कोण? अक्षरं कोरणं हाच ज्याचा धंदा, त्याला धुराड्यात अक्षरं सापडतात, ह्याचं तुला काहीच वाटत नाही? तो तुला भाडं कशानं देतो? आणि शाद्राख बोलता बोलता म्हणाला की सुगीपासून तू प्रार्थनामंदिरात पाऊल टाकलेलं नाहीस. मी विचारलं का, तर एकदम गुरांच्या खुरांबद्दल बोलायला लागला. तो माणूस ज्या दिवशी खुरांबद्दल बोलतो त्या दिवशी काहीतरी झाकतो. तुला त्या इथेलनंच फिरवलं ना?

मी अजून कुणाला काही लिहिलेलं नाही.

हॉपकिन


लुईन-देरू
१९ मार्च १८२८

दादा,

किडा काय लेखणीची परवानगी घेऊन खातो? आणि बाबांनी धुराडं बांधलं तेव्हा अकरा वर्षांच्या पोराला सगळं दाखवलंच असेल, असं कशावरून?

इथेलबद्दल असं लिहू नकोस. बिचारा सरळ आहे, इतका की कंटाळा येतो. भाड्याऐवजी तो गोठ्याची भिंत रचतो. शहरातला असल्यानं आमच्यावर हसतो तेवढं खरं. तेरा जानेवारीला शेजारची पोरं जुन्या वर्षारंभाची गाणी म्हणत दारात आली, तर ह्यानं दार उघडून सांगितलं की तुम्ही बारा दिवस उशिरा आलात, नवीन वर्ष शिळं झालं. पोरं त्याच्याकडे खुळ्याकडे बघावं तशी बघत राहिली. मी त्याला ताकाचा पेला दिला आणि गप्प बसवलं. सुगी झाल्यावर आलेला असा माणूस मला फिरवणार? मीच त्याला दोनदा गोठ्याभोवती फिरवून आणलाय.

मंदिराचं म्हणशील तर गुडघा दुखतो. चढ आहे.

लॅम्बर्नबाई दर रविवारी नोकर पाठवतात, लंडनहून काही आलं का म्हणून. स्क्राइन मला रस्त्यात गाठून म्हणाला, तुझ्या घरातलं धुराडं फार शिकलेलं दिसतंय. त्याच्या डोळ्यांत सगळं कळल्यासारखं असतं. ते त्याचं नेहमीचंच, तरी मला रात्रभर झोप नाही. दादा, राई वाचते की जाते एवढंच मला बघायचंय. दोन ओळी लिही. तुझ्या दोन ओळींत त्रेचाळीस झाडं उभी आहेत.

शोनेद


लंडन
७ एप्रिल १८२८

शोनेद,

दोन ओळी लिहायला बसलो होतो. बरं झालं आधी पोथी पुन्हा वाचली.

सातव्या पानावर लिहिलंय: ‘जुन्या मे-सणाला, सूर्य डोक्यावर असताना, राईत उभं राहावं.’ मी हे वाक्य वीस वेळा वाचलं होतं आणि वीस वेळा मान डोलावली होती, कारण आपल्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला त्यात काही खुपतच नाही. एकविसाव्या वेळी खुपलं.

माझ्या जन्माच्या आठ वर्षं आधी सरकारनं कॅलेंडर बदललं आणि सप्टेंबरातले अकरा दिवस गिळले. देशानं मानलं, आपल्या खोऱ्यानं मानलं नाही. म्हणून आपल्याकडे दोन मे-सण: सरकारचा नवा, एक मेला, आणि आपला जुना, त्या अकरा दिवसांचे पुढे शतक बदलताना बारा झाले म्हणून तेरा मेला. पण पोथी म्हणते, मी चारशे वर्षांची. चारशे वर्षांपूर्वी मे-सण एकच होता, अगं. नातू झाल्याशिवाय कुणी आजोबा होत नाही. नवा जन्मलाच नव्हता, तर जुन्याला जुना म्हटलं कुणी?

इथल्या वेल्श मंडळाच्या चिटणीसांना पोथी दाखवावी लागली. त्यांना कुठून तरी वास लागला होता. ते तर वेडे झाले आहेत. शब्दाकडे बोट दाखवलं तर म्हणाले, ‘जुना’ म्हणजे इथे ‘पूज्य’ असा अर्थ घ्यायचा. मोठ्या विद्वानांचं हेच बघून घ्यावं. त्यांना जे हवं ते भिंतीतही सापडतं. त्यांना पोथी छापायची आहे. पुढच्या वर्षी पांढरे झगे घालून एखाद्या टेकडीवर जमायचा बेतही चाललाय.

तुला खरं सांगतो. काल मी कातडं तासायची बारीक सुरी घेऊन त्या एका शब्दापाशी बसलो होतो. खरवडायला तुझं ताक घुसळण्याइतकाही वेळ लागला नसता. एक शब्द गेला की उरलेलं मी शपथेवर खरं म्हणून दिलं असतं, असं नाही. पण खोटं आहे हे सिद्ध करणं अवघड झालं असतं. सुरी टेकवली आणि उचलली. अजून तिथेच ठेवली आहे.

आता माझा संशय ऐक. इथेलनं अक्षरं लिहिली, ह्यात मला शंका नाही. पण शब्द त्याचे नाहीत. जो माणूस तेरा जानेवारीला पोरांना हसतो, तो ‘जुना मे-सण’ लिहील कसा? त्याला तो सणच वाटत नाही. हे सांगणारं तोंड आपल्याच खोऱ्यातलं आहे, आणि त्याला आपण काही चुकतोय ह्याचा पत्ताही नाही. त्या ओळी काही साध्यासुध्या नाहीत. ‘आम्ही मागायला आलो नाही, आम्ही आहोत एवढं सांगायला आलो.’ माझ्यासारख्या म्हाताऱ्याला हे वाचून चष्मा पुसावा लागला. असं बोलू शकेल असा आपल्याकडे एकच माणूस मला आठवतो: कॅडॉगन, जो मंदिरात उभ्याउभ्या प्रार्थना रचायचा. त्याचंच काम ना हे? जिवंत आहे का अजून? तुम्हा तिघांचं हे कारस्थान असेल तर मला सरळ सांग. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

हॉपकिन


लुईन-देरू
१८ एप्रिल १८२८

दादा,

खोऱ्यातले सगळे पुरुष मोजून झाले का? की अजून एखादा राहिलाय?

कॅडॉगन जिवंत आहे. तोच मंदिराच्या पंचांतला मुख्य आहे आणि त्यानंच मला बाहेर काढलं. त्याच्या प्रार्थना त्याच्या बायकोच्या होत्या; ती गेल्यापासून तो दर रविवारी एकच म्हणतो.

सुगीच्या सभेत सगळ्यांनी देवाची कृपा कुठे जाणवली ते सांगायचं होतं. पुरुषांचं झालं, मग माझ्याकडे बघून कॅडॉगन पुढे जायला लागला, तर मी उभी राहिले. म्हटलं, मला इथे कधीच काही जाणवलं नाही. राईत जाणवतं. शेण काढून झालं की मी तिथे जाऊन उभी राहते, आणि कुणीतरी माझं ऐकून घेतलं असं वाटून घरी येते. एवढंच बोलले. कॅडॉगन म्हणाला, हे मूर्तिपूजकांचं बोलणं आहे. मी म्हटलं, मूर्ती कुठे आहे, झाड आहे. तिथे हशा पिकला आणि त्या हशापायी मला काढलं, बोलण्यापायी नव्हे.

मग मी राईतच जायला लागले. पुढच्या महिन्यात विणकराची बायको आली, तिला माझ्याशी बोलायचं होतं. मग दोन शेजारणी. आम्ही चौघी जणी. काय म्हणायचं ते आधी ठरलेलं नव्हतं. मी एक ओळ म्हणायचे, ती त्यांना पटली की राहायची, नाही पटली की जायची. तू ज्या ओळीवर चष्मा पुसलास ती मी मुसळधार पावसात, गुडघाभर चिखलात म्हटली होती. गुडघा खरंच दुखतो, ते खोटं नव्हतं.

स्क्राइननं ठिपके दिले तेव्हा मी आधी नुसती गेले होते लॅम्बर्नबाईंकडे. पोथीबिथी काही नाही. सांगितलं की आम्ही तिथे जमतो, आम्हाला त्या झाडांचा आधार आहे. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, बाई, जमायला गोठा आहे ना. तुला लिहिताना हे मी गाळलं. मग घरी येऊन मी इथेलला बसवलं आणि त्याच ओळी सांगितल्या. कागद त्यानं कुठून आणला ते विचारलं नाही. ‘जुना’ शब्दावर तो काही बोलला नाही. त्याला वाटलं असेल ह्या बाईला सांगून उपयोग नाही. माझेच शब्द चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या पुरुषाच्या तोंडी घातले, आणि बाईंनी खुर्ची दिली.

मला फसवायचं नव्हतं, हे मी म्हणणार नाही. फसवायचंच होतं. पण ज्या गोष्टीसाठी फसवलं ती खोटी नाही, एवढं तू मान.

तुझ्या सुरीचं तू बघ. मी आता तुला खरवड असंही म्हणत नाही आणि नको असंही नाही.

शोनेद


लंडन
२६ एप्रिल १८२८

शोनेद,

तुझं पत्र वाचलं. दगड कोरणारा, म्हातारा कॅडॉगन, चिटणीस, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आणि जी मला दहा वर्षांची असल्यापासून पत्रं लिहिते आहे तिची भाषा मी ओळखली नाही. संशयी माणसाला वाटतं आपले डोळे फार उघडे आहेत. माझे एकाच बाजूनं उघडे होते.

शब्द खरवडला नाही. त्याला हात लावणं म्हणजे आता तुला हात लावणं होतं.

सोबत लॅम्बर्नबाईंच्या नावे माझा अभिप्राय आहे. पाकीट बंद केलेलं नाही. कागद जुना, शाई नवी, आणि हे शब्द मी पाहिलेल्या कुठल्याही जुन्या पुस्तकात नाहीत, इतकंच लिहिलंय. तुझं नाव घातलं नाही, कारण ते तुझं आहे, तू घालायचं. खोटं मला लिहिता आलं नाही, बहिणी. राई गेली तर त्यात माझाही हात असेल, हे मी जाणून आहे. अभिप्राय स्वतः नेऊन दे, नाहीतर चुलीत घाल. मी कधी विचारणार नाही. पोथीही परत पाठवतोय. मंडळाला मी सांगितलं की ती माझी नाही, छापायला देता येत नाही. चिटणीसांनी आधीच नक्कल करून घेतली होती.

हॉपकिन


लुईन-देरू
२० मे १८२८

दादा,

उशीर झाला. जे झालं ते तुला नीट लिहायचं म्हणून दोनदा कागद फाडला.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले. चुलीपर्यंत एकदा गेले होते, ते कबूल. लॅम्बर्नबाईंनी खुर्ची दिली, मी बसले नाही. पोथी आणि अभिप्राय त्यांच्या हातात दिले आणि त्या वाचत असतानाच सांगून टाकलं: हे शब्द माझे आहेत. मी सांगितले, इथेलनं लिहिले, द्रुइड ह्यात कुणी नाही. आम्ही चौघी आहोत, आणि राई आम्हाला हवी आहे.

त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लाल ठिपका दिलेलं झाड. मग म्हणाल्या, “तुला हे बोलायला स्क्राइननं पाठवलं ना?”

मी म्हटलं, नाही.

“शोनेद, खोटं बोलायलासुद्धा बेताची अक्कल लागते. ह्या ओळी रचायला तर किती लागेल. तू रचल्यास? तू?”

मी एक ओळ म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, पाठ तर पोपटही करतो. तुझ्या अभिप्रायाबद्दल म्हणाल्या, शाई नवी असेल. कुणीतरी जीर्ण पोथीवरून अलीकडे उतरवून घेतली, एवढंच त्यातून निघतं. तुझा भाऊ कातड्यातला जाणकार आहे, कवितेतला नव्हे. आणि कुठल्याच जुन्या पुस्तकात नाही म्हणजे जगात हीच एक. मग घंटी वाजवून स्क्राइनला बोलावलं. माझ्यासमोर त्याला विचारलं की ह्या गरीब बाईला तू किती धमकावलंस. तो खरोखरच काही जाणत नव्हता, त्यामुळे त्याचा चेहरा अगदी चोरासारखा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाची दया आली.

कुऱ्हाडी येणार नाहीत. त्रेचाळीसही राहिली. बाईंनी लेखी दिलंय.

घरी येताना मला हसूही येत होतं आणि रागही. इथेल म्हणाला, जिंकलीस. मी त्याला म्हटलं, तू भिंत रच.

आता तेराव्या तारखेचं. बाईंनी पोथीप्रमाणे जुन्या मे-सणाला, भर दुपारी, सोहळा ठेवला. टेनबीहून आणि कुठून कुठून अकरा सद्गृहस्थ आले. गाड्यांतून पांढऱ्या चादरी काढून अंगावर घेतल्या, डोक्याला ओकाची पानं बांधली. आदल्या दिवशी मला निरोप होता की मधली जागा झाडून ठेव. ठेवली. आम्ही चौघींनी मागे उभं राहावं, असं ठरलं.

लांब दाढीचा एक गृहस्थ मधल्या दगडावर चढला. आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. तो एकेक ओळ वाचायचा आणि बाकीचे मागून म्हणायचे. मुळांची ओळ झाली, पानांची झाली. वारा होता, त्याच्या हातातला कागद उलटला आणि तो एक ओळ सोडून पुढे गेला. ‘जे पडलं, त्याचंही नाव घेतो’ ही ती. विणकराच्या बायकोनं गेल्या हिवाळ्यात नवरा गेल्यावर जी धरून ठेवली होती ती.

मी काही बोलणार नव्हते. पण ती बोलली. तिनं ती ओळ मोठ्यानं म्हटली, मग दुसऱ्या दोघींनी, मग माझ्याही तोंडातून निघाली. सगळ्या चादरी आमच्याकडे वळल्या.

दाढीवाल्याचे डोळे भरून आले. तो दगडावरून खाली उतरला आणि इतरांना हळूच म्हणाला, “ऐकलंत? ह्यांना वाचता येत नाही, आणि तरी अठराशे वर्षांची आठवण ह्यांच्या रक्तात अजून शाबूत आहे.” माझ्या जवळ येऊन त्यानं मोठ्या अदबीनं ती ओळ पुन्हा म्हणायला सांगितली. मी म्हटली. त्यानं चादरीखालून वही काढली आणि लिहून घेतली.

शोनेद